नसलेलं टिंब

मंगळवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास औषधांच्या काउंटरवरून फोन आला, तेव्हा ताईचे त्या दिवसाचे चौदा कागद हातावेगळे झाले होते आणि पंधरावा कानात चालू होता.

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, रेकॉर्ड विभागाच्या कोपऱ्यात तिचं टेबल होतं. पेशंटला घरी सोडताना त्याला काय झालं होतं, काय केलं, घरी कोणतं औषध किती घ्यायचं हे डॉक्टर बोलून ठेवायचे आणि ताई हेडफोन लावून ते टाइप करायची. टाइप झालं की संगणकातला वाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, तिला ते वाचून दाखवायचा, आणि कुठे काही चुकलं असेल तर ती दुरुस्त करायची. तेविसाव्या वर्षी दोन्ही डोळ्यांनी साथ सोडली. त्यानंतरची सोळा वर्षं नोकरी, बँकेची पत्रं, नवऱ्याचे मेसेज, सगळं तिनं या वाचकाच्या तोंडूनच ऐकलं होतं.

"ताई, मी काउंटरवरून बोलतोय," औषधवाले काका म्हणाले. "एक विचारायचं होतं. आत्ता एक आजोबा आलेत, त्यांचं ते रक्त पातळ करायचं औषध. पाच मिलीग्रॅम की अर्धा?"

"अर्धा. मीच केलाय तो कागद. थांबा, वाचते."

तिनं कागद उघडला. वाचक आपल्या गुळगुळीत आवाजात म्हणाला, "शून्य पॉइंट पाच मिलीग्रॅम, रोज एकदा, संध्याकाळी."

"बरोबर आहे की काका. शून्य पॉइंट पाच."

"अहो, पण पॉइंट आहे कुठे? शून्य आणि पाच. मधे काही नाही. चष्मा पुसून दोनदा बघितलं मी."

ताईनं बाणाची कळ दाबत एकेक अक्षर वाचून घेतलं. "शून्य," वाचक म्हणाला. पुढे गेली. "पाच." मागे आली. "पाच. शून्य." मग तिनं पूर्ण ओळ पुन्हा वाचायला लावली.

"शून्य पॉइंट पाच मिलीग्रॅम."

तिनं ओळ आणखी तीनदा वाचून घेतली. तिन्ही वेळा त्यानं, कागदावर नसलेलं टिंब अगदी ठासून, शांतपणे वाचलं.

"राहू दे हो," काका म्हणाले. "टिंब राहिलं एवढंच ना? मी पेनानं घालतो. माणसाच्या हातून राहतंच. कोणाला सांगत बसायची गरज नाही." आणि त्यांनी फोन ठेवलाही.

टिंब राहिलं याची तिला भीती वाटली नव्हती. कीबोर्ड नवा होता आणि त्याची टिंबाची कळ जरा अडेलतट्टू होती, जोर दिल्याशिवाय टिंब उठत नसे. पूर्वीही टिंब अधूनमधून राहायचं आणि तेव्हाचा वाचक लगेच "शून्य पाच" म्हणायचा, की ती मागे जाऊन घालायची. वाचक होता तोच त्यासाठी. आता हा वाचक जे नाही ते वाचत होता, आणि तिच्याकडे दुसरे डोळे नव्हते.

हा वाचक कोणा कंपनीचा नव्हता. सतरा वर्षांपूर्वी गणिताच्या एका शिक्षकांनी, ज्यांची स्वतःचीही नजर गेली होती, तो लिहायला घेतला आणि त्याचा सगळा कोड उघड्यावर ठेवून दिला. कोणीही वाचावा, वापरावा, सुधारून परत आणून द्यावा. हळूहळू माणसं जमत गेली. सगळे त्यांना सर म्हणत. ताईला संगणकाचा स देखील येत नव्हता तेव्हा सरांनीच तिला फोनवरून, रोज एक तास, चार महिने शिकवलं होतं. पुढे तीही कोड लिहू लागली, आणि मुख्य कोडमधे बदल घालायचा हक्क ज्या पाच जणांकडे होता त्यांच्यातली एक झाली.

गेल्या दोन वर्षांत मात्र या घराच्या दोन चुली झाल्या होत्या. सरांचा कोड जुना झाला होता. हॉस्पिटलनं नवी प्रणाली आणल्यापासून तो दिवसातून तीन-तीनदा मधेच मुका व्हायचा. कानात एकाएकी शांतता. असं झालं की ताईला भर रस्त्यात कोणी हात सोडून दिल्यासारखं व्हायचं. तिकडे एका तरुणानं, त्याच्या हाताच्या वेगामुळे सगळे ज्याला झपाट्या म्हणत, सगळंच नव्यानं लिहून काढलं होतं. त्याचा वाचक अडखळत नसे, मुका होत नसे, आणि माणसासारखा बोले. झपाट्या स्वतः डोळस होता. त्याच्या आईची नजर साठीनंतर गेली, आणि तिला सरांच्या वाचकाचा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज सहनच होईना, म्हणून त्यानं हे काम हाती घेतलेलं.

सरांचं एकच म्हणणं होतं. "वाचकानं वाचावं. अर्थ लावू नये. अर्थ लावायला आपण आहोत."

"सर, आपण टाइपरायटर नाही बनवत," झपाट्या म्हणायचा. "लोकांना ऐकताना त्रास होतो."

भांडणं महिनोन्‌महिने चालली. सरांच्या बाजूचे लोक झपाट्याच्या कोडला 'नटवा' म्हणत, त्याच्या बाजूचे सरांच्या कोडला 'म्हातारा'. शेवटी कोणता कोड मुख्य धरायचा आणि कोणता गोठवायचा यावर मतं घेतली. दोन इकडे, दोन तिकडे. पाचवं मत ताईचं.

तिनं नव्याला मत दिलं होतं. त्याच दिवशी तो हॉस्पिटलातल्या आपल्या संगणकावरही घातला होता. त्याला एकोणीस दिवस झाले होते. सर त्यावर एक अक्षर बोलले नव्हते, आणि त्यांच्या न बोलण्याचं ओझं तिला रोज जाणवत होतं.

तिनं झपाट्याला फोन लावला.

"ताई, बोल."

"शून्य पाच मिलीग्रॅम लिहिलं तर तुझा वाचक काय वाचतो?"

"शून्य पॉइंट पाच. का?"

"तुला माहितीये?"

"माहितीये म्हणजे, मीच घातलंय ते. आईच्या औषधांच्या बाटल्या फोननं वाचून घ्यायचो ना, तेव्हा छापलेलं टिंब हमखास गळायचं. म्हणून सुरुवातीला शून्य आणि पुढे माप असलं की मधे टिंब धरायचं. नाहीतर आईनं दसपट घेतलं असतं, ताई." त्याचा आवाज हळू झाला. "काय झालं?"

तिनं सांगितलं. ऐकता ऐकता पलीकडे त्याची खुर्ची करकरली, बहुधा तो उठून उभा राहिला.

"मी आत्ता काढतो ते. आत्ता बसतो. पण ताई, दोन दिवस दे. बाहेर काही लिहू नकोस. सगळं तपासून मग सांगू. आत्ता कळलं तर ते लोक मला फाडून खातील."

"आपला वाचक वापरणारे नऊ हजार लोक आहेत, झपाट्या."

"मला माहितीये," तो म्हणाला. "म्हणूनच मी घाबरलोय."

फोन ठेवल्यावर ती नुसती बसून राहिली. शेजारच्या टेबलावर कोणीतरी स्टेपलर मारत होतं, ठक, ठक, ठक. एकोणीस दिवसांत तिनं चारशेच्या वर कागद केले होते. ते घेऊन माणसं आपापल्या घरी गेली होती. त्यातल्या एका घराचं दार तिनं मनात उघडून बघितलं आणि घाईनं बंद केलं.

आणि खोटं कशाला बोला, दुसराही विचार आला. काका बोलणार नव्हते. सगळे कागद तिच्याच संगणकावर होते. एकेक उघडून, टिंब घालून, पुन्हा ठेवून दिलं तर कोणाला पत्ता लागणार होता? हॉस्पिटलात अंध टायपिस्ट ती एकटीच होती. तिला घेताना समितीतल्या एका गृहस्थांनी तिच्यासमोरच विचारलं होतं, "आणि हिच्याकडून काही चुकलं तर?" त्या गृहस्थांना उत्तर मिळणार होतं. पुढच्या अंध उमेदवारालाही तेच मिळणार होतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यानं फोन उचलला तेव्हा मागे लोखंडावर लोखंड आपटत होतं. "शाफ्टमधे आहे. पटकन बोल."

ती पटकन बोलली. तो ऐकून घेत होता हे त्याच्या श्वासावरून कळत होतं.

"दार उघडलं आणि आत लिफ्टच नाही, असं झालं की आम्ही काय करतो माहितीये?" तो म्हणाला. "आधी आडवा बांबू लावतो आणि बोर्ड टांगतो. कोणाचं चुकलं ते नंतर. आता एवढं करशील?"

"नोकरी जाईल रे."

"जाईल बहुतेक," तो म्हणाला. त्याला खोटा धीर देता येत नसे, हा त्याचा जुना दोष होता. "जा आता, उठ."

रेकॉर्डच्या मॅडमची खोली तिच्या टेबलापासून अठ्ठावीस पावलांवर होती. त्या दिवशी ती तिला संपता संपेना.

मॅडमनी सगळं मधे न बोलता ऐकलं. ताई सोळा वर्षं माणसं आवाजावरून ओळखत आली होती. समोरचा गप्प बसला की तिला काहीच हाती लागत नसे. मॅडम पेनचं टोपण लावत होत्या, काढत होत्या, एवढंच ऐकू येत होतं.

"किती दिवस?"

"एकोणीस."

"हे सॉफ्टवेअर तुला कोणी घालून दिलं?"

"मीच घातलं. त्याच्या बाजूनं मतही मीच दिलं होतं."

टोपणाचा आवाज थांबला. "आजच्या आज मला हे सांगितलंस ते बरं केलंस," मॅडम म्हणाल्या. आवाजात माया नव्हती आणि रागही नव्हता. "इथेच बस. हलू नकोस."

संगणक विभागातला माणूस आला. शून्य, त्याला चिकटून आकडा, मधे टिंब नाही, असं शोधायला त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्या दहा मिनिटांत ताईनं आपल्या फोनवरून प्रकल्पाच्या चावडीवर, म्हणजे सगळे जिथे लिहीत वाचत तिथे, मजकूर टाकला. नवा वाचक मापाच्या आकड्यात नसलेलं टिंब वाचतो. औषधांसाठी त्याच्यावर विसंबू नका. आत्ताच्या आत्ता जुने कागद तपासा. माझ्या हातून हॉस्पिटलात चुका झाल्या आहेत. खाली स्वतःचं नाव घातलं. टाकण्याआधी तो एवढासा मजकूर तिला अक्षर अक्षर करून चारदा तपासावा लागला, आणि तरी तो जसा ऐकू येतोय तसाच लिहिला गेलाय का, याची तिला खात्री वाटेना.

"नऊ कागद," तो माणूस म्हणाला.

मॅडमनी एकेकाची चौकशी सुरू केली. तीन कागद जीवनसत्त्वाच्या थेंबांचे वगैरे निघाले, त्यात घोटाळा व्हायला जागाच नव्हती. चार औषधं हॉस्पिटलच्याच काउंटरवरून गेली होती. काकांना वर बोलावलं. ते आले, आणि त्यांच्या चपलांच्या आवाजावरूनच ताईला काहीतरी कळलं.

"हे चारही मी पेनानं दुरुस्त केलेत," काका म्हणाले. "दोन आठवड्यांपूर्वीपासून येतायत असे. मला वाटलं, ताईला उगाच त्रास नको. आजचे आजोबा स्वतःच म्हणाले की आधी पाचची गोळी होती, म्हणून विचारावं लागलं."

"दोन आठवडे?" मॅडम म्हणाल्या.

काकांच्या चपला फरशीवर घासल्या. काकांनी पहिल्याच दिवशी तिच्यावर आवाज चढवला असता तर, असं तिच्या मनात आलं, आणि त्यांच्या चांगुलपणाचीही तिला भीती वाटली.

उरले दोन. या दोघांनी औषध बाहेरच्या दुकानातून घेतलं होतं. पहिल्या घरी मुलीनं फोन उचलला. वडील कागद न बघता जुनीच गोळी घेत होते, कोणाचं ऐकतात कुठे. मॅडमनी त्यांच्या हट्टीपणाचे आभार मानले. दुसऱ्या होत्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई, एकट्या राहणाऱ्या, सहा दिवसांपूर्वी घरी सोडलेल्या. रक्त पातळ करायचंच औषध. अर्ध्याच्या जागी पाच.

फोन वाजत राहिला. मॅडमनी तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. चारदा लावला.

"गाडी काढायला सांगा," मॅडम म्हणाल्या. "एक नर्स द्या. काका, तुम्ही जा."

"मी येते," ताई म्हणाली.

"तू येऊन काय करणार?"

"काही नाही. पण इथे बसवणार नाही मला."

गाडीत ताईचा फोन खिशात सारखा थरथरत होता, चावडीवर उत्तरं येत होती. तिनं एकदाच इयरफोन कानाला लावला. कोणी लिहिलं होतं, "सांगत होतो ना." कोणी लिहिलं होतं, "मत देताना अक्कल कुठे होती?" एकानं तिच्या हॉस्पिटलचा पत्ता शोधून सगळ्यांसाठी टाकला होता. आणि त्याच्या खाली एका आईनं लिहिलं होतं, "मी माझ्या बाळाचे थेंब नव्या वाचकावर वाचून देते. आत्ता अक्षर अक्षर तपासलं. ठीक आहे. पण मला पुढचा डोस द्यायचा धीर होत नाहीये." ताईनं इयरफोन काढून मुठीत धरला.

जिना तीन मजल्यांचा होता. काकांचा हात धरून ती चढली. काकांचा तळवा ओला होता. दारापाशी पोचले तर आत फोन वाजत होता. मॅडम तिकडून लावतच होत्या. दाराच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, तो वाजत होता आणि कोणी उचलत नव्हतं. मग तोही थांबला.

नर्सनं कडी वाजवली. थांबली. पुन्हा वाजवली. ताईनं दाराला कान लावला. आत पाणी ठिबकत होतं. घड्याळ होतं. त्याखेरीज काही नाही. त्या वेळी तिला जे वाटलं ते तिनं पुढे कोणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

मग आत खुर्ची सरकली. अगदी सावकाश. पावलं फरफटत आली, वाटेत एकदा थांबली, आणि दार उघडलं.

"कोण?"

नर्सनं दचकून श्वास आत घेतला. त्या एका श्वासावरून ताईला समजलं, काय दिसत असेल ते.

"हे हातांवरचे डाग कधीपासून आहेत हो?" नर्सनं विचारलं.

"कुठेतरी आपटले असेन," बाई म्हणाल्या. आवाज कोरडा, दमलेला. "दोन दिवस चक्कर येतेय. हिरड्यांतून रक्त येतंय. म्हटलं, ब्रश बदलावा. फोन ऐकला मी, पण उठवेना. काय झालं? तुम्ही सगळे का आलात?"

"औषध घेताय का नियमित?"

"घेते की. कागदावर लिहिलंय तसंच. एकही चुकवली नाही," बाई अभिमानानं म्हणाल्या, आणि ताईनं भिंतीला हात टेकला.

त्यांना लगेच दाखल केलं. पोटात रक्तस्राव सुरू झालेला होता. पहिले दोन दिवस डॉक्टर धड काही सांगत नव्हते. ताईला घरीच थांबायला सांगितलं होतं. ती फोन जवळ घेऊन बसायची. वाजला तरी दचकायची, नाही वाजला तरी दचकायची. ओट्यावर ठेवलेल्या बरणीतलं मीठ आहे की साखर, हे तिनं त्या दोन दिवसांत कितीदा चाखून बघितलं असेल. चौथ्या दिवशी रक्तस्राव थांबला.

त्याआधी, बुधवारी सकाळीच, सरांचा फोन आला होता. फोननं त्यांचं नाव सांगितलं. सर आता 'सांगितलं होतं' म्हणतील, आणि तेवढा त्यांचा हक्क होता.

"जेवलीस का?" सरांनी विचारलं.

"सर, तुम्ही बोला मला. तुमचं बरोबर होतं."

"थांब. मला एक सांगायचंय आणि ते मी एकदाच सांगणार आहे." सर खाकरले. "जुना वाचक मुका होतो ना, तो दोष मी वर्षभर शोधतोय. मला सापडत नाही. सापडत नाही म्हणजे, मीच लिहिलेला कोड मी ऐकतो आणि मला कळत नाही मी काय केलंय. आधी वाटलं थकवा आहे. मग डॉक्टरांना दाखवलं. विसरायला लागलोय मी. हळूहळू सगळं जाईल म्हणतात."

ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणून मी इतका भांडत होतो," सर म्हणाले. "तत्त्वासाठी नाही. तुम्ही सगळे नव्याकडे गेलात तर जुन्याबद्दल मला कोणी काही विचारणार नाही, आणि कोणी विचारलं नाही तर ते लवकर जाईल, असं मला वाटायचं. आता तू परत जुन्याकडे येशील. सगळे येतील. तर लक्षात ठेव, तिथेही आता घर सांभाळणारं कोणी नाहीये."

एवढे दिवस तिनं मनात धरून ठेवलं होतं की नव्यात चूक झाली, तर जुनं आहे. सरांनी तेही काढून घेतलं. खाली जमीन नसल्यासारखी ती फोन धरून उभी राहिली.

पाचव्या दिवशी मॅडमनी तिला वॉर्डात जाऊ दिलं. पडद्याच्या कड्या सरकवत नर्स तिला खाटेपाशी घेऊन गेली.

"तो कागद तुम्ही टाइप केलेला?" बाईंनी विचारलं.

"हो."

शेजारच्या खाटेवर कोणीतरी खोकत होतं.

"मी शिवताना मापं घेते," त्या म्हणाल्या. "एखाद्या इंचाची चूक झाली तर कापड वाया जातं. दुसरं आणता येतं." मग जरा थांबून, "माझा चष्मा खाली पडलाय. देता का?"

ताईनं गुडघ्यावर बसून फरशी चाचपली, खाटेच्या पायापाशी तो सापडला, आणि तिनं हात पुढे केला. बाईंनी तो घेतला. आभार मानले नाहीत. ताईला ते बरंच वाटलं.

नोकरी गेली नाही. मॅडमनी समितीत काय सांगितलं ते कधी कळलं नाही. तिच्या प्रत्येक कागदावरची औषधाची ओळ आता दुसरं कोणीतरी डोळ्यांनी बघतं आणि सही करतं. कीबोर्ड बदलला. काकांना लेखी समज मिळाली. आता ते अक्षरावरची साधी मात्रा चुकली तरी वर फोन करतात, आणि दर वेळी आधी माफी मागतात.

झपाट्यानं त्याच दिवशी ते टिंब काढून टाकलं होतं. पण त्याच्या कोडमधे असे, कोणाच्या तरी भल्यासाठी केलेले, आणखी चाळीस अंदाज निघाले. तारखा, पत्ते, नावं, मापं. ते काढायचे की ठेवायचे यावर चावडीवर पुन्हा जुंपली. शेवटी नवा वाचक जिथे अंदाज करील तिथे बारीक 'टिक्' वाजवील, असं ठरलं. झपाट्याची आई म्हणाली, कानात सतत किडा असल्यासारखं वाटतं. पण तिनं तो बंद करायला सांगितला नाही. प्रकल्प मात्र जुळला नाही. चाळीसेक माणसं जुना कोड घेऊन वेगळी झाली. त्यांच्यातले काही अजून ताईला नावं ठेवतात. झपाट्याला आलेली काही पत्रं इतकी वाईट होती की त्यानं महिनाभर चावडी उघडली नाही. ताई दोन्ही वाचक ठेवते. एकात टाइप करते, दुसऱ्यात तपासते. दिवसाला तीसच्या जागी सतरा कागद होतात. सकाळी कामाला बसताना बोटं थोडा वेळ गार असतात. ती त्यांना वेळ देते.

आणि दर रविवारी सकाळी दहा वाजता सरांचा फोन येतो. सर जुना कोड एकेक तुकडा करून ऐकतात आणि हे इथे का केलं ते बोलून ठेवतात. ताई हेडफोन लावून टाइप करते, जसे डॉक्टरांचे कागद करते तसेच. हे झपाट्यालाही जातं आणि वेगळ्या झालेल्यांनाही जातं. दोघेही वाचतात, हे तिला माहीत आहे, जरी दोघेही तसं कबूल करत नाहीत.

परवाच्या रविवारी सर चांगले रंगात होते. चाळीस मिनिटं अस्खलित बोलले, मधे एक जुना विनोदही केला. मग एका तुकड्यापाशी आले.

"हे इथे आधी मागे जाऊन परत पुढे येतंय," सर म्हणाले. "हे मी असं का केलं होतं, तर..."

ताईची बोटं कळांवर थांबली. पलीकडे सरांचा श्वास येत होता, जात होता. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी धूत होतं. तिनं सुचवलं नाही, पुढचं वाक्य आपल्या मनानं लावलं नाही. ती वाट बघत राहिली.

"थांब हं," सर म्हणाले. "येतंय."